वसईच्या पोराने जपानमध्ये आपला धर्म उघडपणे सांगितला, आणि त्यासाठी तो क्रूसावर गेला

साल १५९३. जपानच्या क्यूशू बेटावर समुद्राकाठी नागोया नावाचं ठिकाण होतं. आज नकाशावर दिसणारं मोठं नागोया शहर वेगळं, हे वेगळं. इथे तोयोतोमी हिदेयोशीने छावणी टाकली होती. आदल्याच वर्षी त्याने दीड लाखांच्या वर फौज कोरियावर सोडली होती. हिदेयोशी कुणा राजाचा मुलगा नव्हता, साध्या घरात जन्मलेला शिपाईगडी होता. पण तलवार आणि डोकं दोन्ही चालवत तो इतका वर चढला, की सम्राट क्योटोत नावापुरता उरला होता आणि जपानचा खरा मालक हा झाला होता.

त्या दिवशी त्याच्यासमोर जाड्याभरड्या झग्यातले चार फ्रान्सिस्कन उभे होते. ते फिलिपिन्समधल्या मनिलाहून आले होते, तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून. हिदेयोशीचं म्हणणं सरळ होतं. मनिलाच्या स्पॅनिश लोकांनी आपलं मांडलिकत्व मान्य करावं, नाहीतर आपली फौज तिकडे येईल.

वकिलांचे प्रमुख फादर पेद्रो बाप्टिस्टा. माणूस विद्वान होता, पण त्यांना जपानी येत नव्हती. हिदेयोशीला स्पॅनिश येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे नकार कळवायचा, पण समोरच्याचा तोल जाऊ द्यायचा नाही, हे अवघड काम त्यांच्यातल्या एका ब्रदरवर आलं. त्याला जपानी चांगली बोलता यायची. दरबारात कुणापुढे किती वाकायचं आणि कुठला शब्द वापरायचा हेही त्याला माहीत होतं.

हा ब्रदर स्पॅनिश नव्हता आणि जपानीही नव्हता. तो वसईचा होता.

नाव गोन्सालो गार्सिया.

१२ ऑक्टोबर २००८ ला केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना रोममध्ये संतपद मिळालं, तेव्हा पहिल्या भारतीय संत अशा बातम्या बऱ्याच ठिकाणी झळकल्या होत्या. भारतातल्या पहिल्या महिला संत हे बरोबर आहे. पण भारतात जन्मलेल्या एका माणसाला त्याच्या १४६ वर्षं आधी, म्हणजे १८६२ सालीच संतपद मिळालं होतं. तो माणूस म्हणजे वसईचा हा दुभाषी. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरची चर्चेस ज्या मुंबई महाधर्मप्रांतात येतात, त्याचा आश्रयदाता संतही हाच. तरी चर्चच्या बाहेर त्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

तर ती सुरू होते वसईच्या किल्ल्यात.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. वसईबरोबर साष्टीही गेली. आज आपण जिला मुंबईची उपनगरं म्हणतो, म्हणजे वांद्र्यापासून बोरिवली-दहिसरपर्यंतचा आणि पलीकडे घाटकोपर-मुलुंडचा पट्टा, ती ही साष्टी. पुढची दोनशे वर्षं या सगळ्या गावांचा कारभार वसईतून चालायचा. मुंबई तेव्हा किरकोळ होती, शहर म्हणजे वसई. इथे जहाजं बांधली जायची, दगड आणि लाकूड बाहेर जायचं, आणि किल्ल्याच्या तटाआत एकामागून एक चर्चेस उभी राहत होती.

या भागात ख्रिस्ती धर्म कसा पसरला, याच्याही दोन बाजू आहेत. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरूंनी शाळा काढल्या, अनाथ मुलं सांभाळली, लोकांची भाषा शिकून घेतली. पण त्यांच्या मागे पोर्तुगीज सत्ता उभी होती, आणि ती सत्ता हिंदू देवळांशी कशी वागली हेही इतिहासात नोंदलेलं आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत शंकराच्या जागी चर्च झालं ते याच काळात. म्हणजे त्या दिवसांत वसईत कॅथलिक असल्याचं चारचौघांत सांगायला काही धाडस लागत नव्हतं. राज्यकर्त्यांचा धर्मच तो होता. धाडस लागायचं ते दुसऱ्या बाजूच्या माणसाला. गोन्सालोच्या वाट्याला पुढे याच्या अगदी उलट परिस्थिती आली, म्हणून हे आधी माहीत असलेलं बरं.

गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच, वसईची. किल्ल्यात जेझुइटांची शाळा आणि चर्च होतं, तिथे तो शिकला. फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस हे त्याचे गुरू. घरात आणि बाजारात वेगवेगळ्या भाषा ऐकत वाढलेल्या पोराला नवी भाषा उचलायला वेळ लागत नाही, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

तो साधारण पंधरा वर्षांचा असताना जेझुइटांसोबत जपानला निघाला. तेव्हाचा प्रवास म्हणजे गोवा, मलाक्का, मकाव आणि मग नागासाकी. वारा मिळेपर्यंत बंदरात महिनोनमहिने थांबायचं, वादळ आलं तर देवाचं नाव घ्यायचं. आजारी पडून वाटेतच मरणारे कितीतरी असत.

जपानमध्ये त्याने भाषा पटकन आत्मसात केली. मग आठएक वर्षं तो जेझुइटांचा धर्मशिक्षक म्हणून काम करत होता. गावोगाव जाऊन लोकांना त्यांच्या बोलीत येशूची गोष्ट सांगायची, मुलांना प्रार्थना शिकवायच्या, युरोपातून आलेल्या फादरचं म्हणणं लोकांना आणि लोकांचं म्हणणं फादरला समजावून द्यायचं. ऐकायला साधं वाटतं, पण युरोपातून आलेल्या धर्मगुरूंना जपानी जड जायची. असली माणसं नसती तर अर्धा कारभार अडला असता.

गोन्सालोची इच्छा मात्र वेगळी होती. त्याला जेझुइट संघाचा सदस्य व्हायचं होतं, व्रत घ्यायचं होतं. त्याने अनेकदा विनंती केली, आणि संघाने त्याला घेतलं नाही.

त्या काळात जेझुइटांच्या पूर्वेकडच्या संघात भारतीय किंवा मिश्र रक्ताच्या माणसांना दार जवळपास बंदच होतं. काम करायला या, पण आमच्यातले म्हणून येऊ नका, असा तो सगळा मामला. जपानी तरुणांना संघात घेतलं जात होतं, आणि वसईचा हा मुलगा इतक्या वर्षांच्या कामानंतरही बाहेरच होता. हे त्याला लागलं असणारच.

त्याने जेझुइटांचं काम सोडलं आणि व्यापार सुरू केला. यातही तो हुशार निघाला. मकाव, जपान आणि आसपासच्या बंदरांमध्ये माल फिरवायचा, भाषा येत असल्यामुळे दलालाची गरज नाही, आणि ओळखी तर आठ वर्षांच्या. पैसा चांगला मिळू लागला. इथेच गोष्ट संपली असती तर वसईचा एक यशस्वी व्यापारी एवढीच त्याची ओळख राहिली असती, किंवा तीही राहिली नसती.

पण व्यापारानिमित्त तो मनिलाला जायचा. तिथे त्याची गाठ फ्रान्सिस्कन लोकांशी पडली. हे संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या परंपरेतले. गरिबीचं व्रत, अंगावर भरडा झगा, कमरेला दोरी, आणि महारोग्यांची सेवा. त्यांनी गोन्सालोला आपल्यात घेतलं. तो धर्मगुरू झाला नाही, ब्रदर झाला. म्हणजे मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला नव्हता. पण ज्यासाठी तो इतकी वर्षं थांबला होता ते मिळालं. कमावलेला धंदा त्याने सोडून दिला.

इकडे जपानमध्ये वारं बदललं होतं. १५८७ मध्ये हिदेयोशीने फर्मान काढलं होतं, की परदेशी धर्मप्रचारकांनी देश सोडून जावं. तरी जेझुइट गेले नाहीत, आणि हिदेयोशीनेही फार ताणून धरलं नाही. कारण मकावहून रेशीम घेऊन येणारी पोर्तुगीज जहाजं त्याला हवी होती आणि त्या व्यापारात जेझुइट मधले दुवे होते. मग एक न बोललेला करार झाला. जेझुइटांनी जपानमध्ये राहावं, पण डोळ्यांत येऊ नये. त्यांनी जपानी कपडे घातले, घरातल्या घरात प्रार्थना घेतल्या, मोठे सोहळे बंद केले. अशा गपचूप पद्धतीने काम सुरू राहिलं.

१५९३ मध्ये गोन्सालो याच जपानमध्ये परत आला, या वेळी फादर पेद्रो बाप्टिस्टा यांचा दुभाषी म्हणून.

नागोयाच्या त्या भेटीत हिदेयोशीला काय हवं होतं ते वर आलंच आहे. फादर बाप्टिस्टांनी गोन्सालोमार्फत जे उत्तर दिलं त्याचा अर्थ असा होता, की मैत्री करायला आम्ही तयार आहोत, पण आमचं इमान आमच्या देवाशी आणि आमच्या राजाशी आहे. मनिलाहून पुढचा निरोप येईपर्यंत आम्ही इथेच तुमच्या ताब्यात राहतो. हिदेयोशी ज्या थाटात लोकांची मुंडकी उडवत असे ते पाहता हे उत्तर जड जाऊ शकलं असतं. पण त्याने ते ऐकून घेतलं आणि त्यांना राहायची परवानगी दिली. पुढे क्योटोत त्यांना जागाही मिळाली.

क्योटो म्हणजे राजधानी. तिथे १५९४ मध्ये फ्रान्सिस्कनांनी मठ आणि चर्च उभं केलं, शेजारी महारोग्यांसाठी रुग्णालय काढलं. जपानमध्ये या रोग्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, तिथे हे लोक त्यांच्या जखमा धूत होते. आणि हे सगळं उघड चालायचं. झगा घालून रस्त्यावरून फिरायचं, चर्चमध्ये सगळ्यांसमोर मिस्सा, प्रवचन. प्रवचनाची भाषा गोन्सालोची. सुरुवातीच्या काळात तर या मंडळींचा आवाज म्हणजे तोच.

जेझुइटांना घाम फुटला.

त्यांची भीती अगदीच चुकीची नव्हती. हिदेयोशीचं फर्मान अजून मागे घेतलेलं नव्हतं. राजधानीत, त्याच्या नाकासमोर, असा उघड प्रचार चालू राहिला तर एक दिवस तो भडकणार आणि सगळ्याच ख्रिस्ती लोकांवर उठणार, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय १५८५ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचं काम फक्त जेझुइटांकडे सोपवलं होतं, मग हे दुसरे आलेच कसे? याच्या मागे स्पेन आणि पोर्तुगाल यांची चढाओढही होती. १५८० पासून दोन्हींचा राजा एकच होता खरा, पण मनिलाचे स्पॅनिश आणि मकावचे पोर्तुगीज एकमेकांचं तोंड पाहायला राजी नसत.

फ्रान्सिस्कनांचं म्हणणं असं, की आम्ही राज्यकर्त्याची परवानगी घेऊन आलो आहोत. लपूनछपून काम करायचं तर श्रद्धा लाजिरवाणी गोष्ट आहे असं लोकांना वाटेल. गरिबाची सेवा करायची तर ती दिवसाढवळ्या करायची.

या भांडणात गोन्सालोची जागा फार विचित्र होती. ज्या जेझुइटांनी त्याला वाढवलं, शिकवलं, जपान दाखवलं आणि मग दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या विरुद्ध बाजूला तो आता उभा होता. जेझुइटांनी जपानमध्ये शिकवलेली भाषाच तो फ्रान्सिस्कनांसाठी वापरत होता. सावधपणाने हजारो श्रद्धावंतांचे जीव वाचू शकतात हे त्याला कळत नसेल असं मानायला जागा नाही, तो या देशात दहा वर्षं आधी राहून गेलेला होता. तरी त्याने उघड बोलण्याची बाजू घेतली.

१५९६ साल उजाडलं ते वाईटच. सप्टेंबरमध्ये मोठा भूकंप झाला आणि चीनच्या वकिलांच्या स्वागतासाठी हिदेयोशीने सजवलेला फुशिमीचा महाल कोसळला. चीनशी चाललेल्या वाटाघाटी फिसकटल्या. तिजोरीवर कोरियाच्या युद्धाचा बोजा होताच. आणि ऑक्टोबरमध्ये शिकोकू बेटावरच्या तोसाच्या किनाऱ्याला वादळाने मोडकळीला आलेलं एक प्रचंड स्पॅनिश जहाज लागलं.

जहाजाचं नाव सान फेलिपे. मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोला निघालेलं, रेशमासकट किमती मालाने गच्च भरलेलं. जपानी अधिकाऱ्यांनी सगळा माल जप्त केला. खलाशांनी आरडाओरडा केला, फ्रान्सिस्कनांनी मध्यस्थीचा प्रयत्न केला, काही उपयोग झाला नाही. याच वेळी जहाजाच्या सुकाणूवाल्याने फुशारकी मारली, असं सांगतात. आमचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो आणि मग त्यांच्या मागून फौज येते, असा तिचा आशय. हे वाक्य खरंच बोललं गेलं का, यावर तेव्हापासून आजतागायत वाद आहे. जेझुइट स्पॅनिशांकडे बोट दाखवायचे, स्पॅनिश जेझुइटांकडे. जप्त केलेला माल पचवायला हिदेयोशीला एखादं कारण हवंच होतं, हे मात्र समजायला सोपं आहे.

डिसेंबरमध्ये क्योटो आणि ओसाकातल्या फ्रान्सिस्कनांच्या घरांवर पहारे बसले. अटकेची यादी तयार झाली. ओसाकात तीन जपानी जेझुइटही सापडले, त्यांतला पॉल मिकी हा नावाजलेला प्रवचनकार. फ्रान्सिस्कनांच्या घरी काम करणारे, मदत करणारे जपानी लोक पकडले गेले. त्यांत मठात राहणारी मुलंही होती. सगळ्यात लहान लुईस इबाराकी, वय बारा.

एक प्रसंग तर सांगितलाच पाहिजे. यादीत माथियास नावाचा आचारी होता. शिपाई आले तेव्हा तो बाजारहाटाला गेला होता. शिपाई नाव पुकारत राहिले, तेव्हा शेजारचा एक माणूस पुढे आला. माझंही नाव माथियास आहे, मीही ख्रिस्ती आहे, असं त्याने सांगितलं. शिपायांना आकडा भरायचा होता, त्यांनी त्यालाच नेलं. हा माथियासही पुढे क्रूसावर गेला.

शिक्षा होती नाक-कान कापून गावभर धिंड आणि नागासाकीत वध. ज्या इशिदा मित्सुनारीवर अंमलबजावणीचं काम होतं, त्याने ती थोडी सौम्य केली आणि डाव्या कानाची फक्त पाळी कापायला लावली. ३ जानेवारी १५९७ ला क्योटोच्या रस्त्यांवरून चोवीस जणांची धिंड निघाली. बैलगाड्यांत बसवलेले, कानातून रक्त वाहतंय, हात बांधलेले. पुढे एक पाटी. हे लोक वकील म्हणून आले, पण मना केलेला धर्म इथे राहून शिकवत राहिले, म्हणून त्यांना ही शिक्षा, असा तिच्यातला मजकूर. आरोप म्हणजे धर्म सांगितला, एवढाच.

जेझुइटांच्या भीतीप्रमाणेच झालं, असं कुणी म्हणू शकतं. आणि यादीत त्यांचीही तीन माणसं होती.

यानंतर जे झालं ते वाचताना थंडीचा विचार करा. जानेवारी महिना, जपानचा हिवाळा, आणि क्योटोहून नागासाकी. ओसाका, साकाई, मग पश्चिमेकडे हिरोशिमाच्या वाटेने, समुद्र ओलांडून क्यूशूवर. आठशे किलोमीटरच्या वर वाट, बरीचशी पायी, जवळजवळ महिनाभर. मुंबई ते नागपूर चालत जा, तेवढं अंतर. लोकांनी बघावं आणि धडा घ्यावा म्हणूनच वध नागासाकीत ठरवला होता, कारण ख्रिस्ती वस्ती तिथेच सगळ्यात दाट होती.

पण या धिंडीचा उलटाच परिणाम होऊ लागला. वाटेत गावोगाव लोक जमायचे आणि हे कैदी त्यांच्याशी बोलायचे. ज्या गोष्टीसाठी शिक्षा झाली तीच गोष्ट ते रस्ताभर करत राहिले, आणि जपानी बोलणारा गोन्सालो त्यांच्यात होताच. वाटेत या लोकांची सेवा करणारे दोन ख्रिस्तीही पकडून त्यांच्यात ढकलले गेले. चोवीसांचे सव्वीस झाले.

४ फेब्रुवारीच्या रात्री त्यांना होड्यांतून ओमुराचं आखात पार करवलं. ५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी ते नागासाकीत पोहोचले. शहराबाहेर निशिझाका नावाची टेकडी आहे, तिथे सव्वीस क्रूस तयार ठेवले होते. वधाची देखरेख तेराझावा हानझाबुरोकडे होती. पॉल मिकीला तो ओळखत होता, त्यामुळे त्याची अवस्था वाईट झालेली. बारा वर्षांच्या लुईसला त्याने सांगून पाहिलं, की धर्म सोड, तुला सोडतो. पोरगं तयार झालं नाही.

टेकडीवर पोहोचल्यावर गोन्सालो सरळ एका क्रूसाकडे गेला आणि हा माझा का, असं त्याने विचारलं, अशी आठवण परंपरेने जपली आहे. तो त्याचा नव्हता. मग त्याला त्याच्या क्रूसापाशी नेलं, तिथे त्याने गुडघे टेकले आणि क्रूसाला मिठी मारली. जपानी पद्धतीत खिळे ठोकत नसत. लोखंडी कड्या आणि दोरांनी बांधायचे, मग दोन्ही बाजूंनी भाले खुपसायचे. क्रूस उभे झाल्यावर पॉल मिकीने आपण जपानीच आहोत, येशूची शिकवण सांगितल्याबद्दल मरतो आहोत, आणि हिदेयोशीला माफ करतो, अशा अर्थाचं प्रवचन केलं. गोन्सालोही शेवटपर्यंत देवाची स्तुती करत होता. दोन भाले त्याच्या छातीतून आरपार गेले. तेव्हा त्याचं वय चाळिशीच्या आसपास होतं.

सव्वीस जणांत वीस जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक वसईचा. सहा फ्रान्सिस्कन आणि तीन जेझुइट एकाच रांगेत होते. पुढच्याच महिन्यात लुईस फ्रोईश या म्हाताऱ्या जेझुइटाने नागासाकीत बसून या घटनेचा सविस्तर वृत्तांत लिहिला, त्यात फ्रान्सिस्कनांचीही हकीकत आहे. त्यानंतर चार-पाच महिन्यांत फ्रोईश गेले.

हिदेयोशी दीड वर्षात मेला. पुढे तोकुगावा घराण्याने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर संपूर्ण बंदी घातली आणि मग जे सुरू झालं त्यापुढे निशिझाकाचे सव्वीस म्हणजे सुरुवातच. येशूच्या चित्रावर पाय देऊन श्रद्धा नाकारली नाही तर छळ आणि मरण. उरलेले ख्रिस्ती भूमिगत झाले. ना धर्मगुरू, ना चर्च, ना पुस्तकं. बुद्धाच्या देवीसारखी दिसणारी मारियेची मूर्ती, तोंडपाठ प्रार्थना, आणि मुलांना गुपचूप दिलेला बाप्तिस्मा, एवढ्यावर त्यांनी अडीचशे वर्षं काढली. जेझुइटांचा गप्प राहण्याचा मार्ग शेवटी या लोकांना चालावा लागला, आणि त्याच मार्गाने धर्म टिकला हे नाकारता येत नाही. पण टिकवायचं कशाला, हे त्यांना ज्या गोष्टींतून कळत होतं त्यांत निशिझाकाची टेकडीही होती.

रोममध्ये पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केलं. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिलं. मधल्या काळात वसईचं चित्र पार पालटलं होतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. राज्यकर्त्यांचं छत्र गेल्यावरही वसईचे आणि साष्टीचे ख्रिस्ती आपापल्या गावांत, आपल्या बोलीत प्रार्थना म्हणत राहिलेच.

मग नागासाकीत फ्रेंच धर्मगुरूंना परदेशी लोकांपुरतं एक चर्च बांधायची परवानगी मिळाली. ओउरा चर्च. ते या सव्वीस संतांना अर्पण केलं गेलं. जपानी लोकांवरची बंदी अजून उठलेली नव्हती. १७ मार्च १८६५ ला उराकामी गावातले दहा-पंधरा लोक त्या चर्चच्या दारात आले. फादर पेतिजां यांनी दार उघडलं. आत आल्यावर त्यांच्यातली एक बाई फादरच्या जवळ गेली आणि हळूच तिने सांगितलं, की आमचंही अंतःकरण तुमच्यासारखंच आहे. मग तिने मारियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं.

अडीचशे वर्षांनी कुणीतरी ते तोंडाने बोललं होतं. त्याची किंमतही मोजावी लागली. पुढच्या काही वर्षांत उराकामीतल्या तीन हजारांहून जास्त लोकांना पकडून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं गेलं. बंदी उठली ती १८७३ मध्ये.

निशिझाकावर आज सव्वीस जणांचं स्मारक आहे. १९६२ मध्ये, संतपदाच्या शंभराव्या वर्षी ते उभं राहिलं. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी ओळीने सव्वीस ब्राँझच्या आकृती घडवल्या आहेत, त्यांत वसईचा गोन्सालोही आहे. आणि इकडे वसईत गास गावातलं चर्च त्याच्या नावाचं आहे, कॉलेज त्याच्या नावाचं आहे, आणि किल्ल्यात तो ज्या जेझुइटांच्या चर्चशी जोडलेला होता, ते आता लोक गोन्सालो गार्सिया चर्च म्हणूनच ओळखतात. ज्या संघाने त्याला आत घेतलं नव्हतं, त्याच संघाचं हे चर्च. बोरिवलीहून विरार लोकल पकडली तर अर्ध्या तासात वसईला उतरता येतं आणि पुढे किल्ल्यापर्यंत रिक्षा मिळते. त्याचा सण ६ फेब्रुवारीला असतो.